घरीं गोल करवत घेतांना

‘मास्तर, विजेवर चालणारी गोल करवत घरीं घ्यावी म्हणतों; कोणती घेऊं?’ हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून काढावें हेंच बरें. देहूरोड हें गांव लष्करी भांडारांच्या आणि आयुधनिर्माणीच्या आश्रयानें वाढलेलें. तेथें तीस-तीस वर्षें हत्यारें हाताळलेलीं माणसें निवृत्त झालीं म्हणजे त्यांचे हात स्वस्थ बसत नाहींत. कोणी नातवासाठीं लिहावयाचें मेज करतो, कोणी पोथ्यांचें कपाट, कोणी देव्हारा. हातकरवतीनें चार वस्तु झाल्या कीं यंत्राची ओढ लागते, आणि तें स्वाभाविकच आहे. मात्र दुकानांत गेल्यावर हे गृहस्थ पहिला प्रश्न विचारतात तो मोटर किती अश्वशक्तीची हा, आणि दुसरा किंमतीचा. ज्या दोन गोष्टींवर कामाचा नेटकेपणा आणि हाताचीं बोटें अवलंबून आहेत, त्यांची चौकशी शंभरांत एखादाच करतो.

करवत हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ शब्दापासून आला. अमरकोशांत ‘क्रकच’ आणि ‘करपत्र’ हीं दोन्ही नांवें शूद्रवर्गांत दिलीं आहेत, आणि त्याच वर्गांत सुतारास तक्षा, वर्धकि, त्वष्टा, रथकार असे पर्याय सांगितले आहेत. आमच्यासारख्यांच्या घरीं हे शब्द मुलांकडून घोकून घेतले जात. परंतु त्या शब्दांनीं दर्शविलेलें हत्यार हातीं धरणें मात्र कमीपणाचें वाटे. त्वष्टा हें देवांच्या शिल्पकाराचेंही नांव आहे, हें सांगतांना गुरुजींची छाती फुगे; पण वर्गांतील बांकाचा पाय मोडला तर तो बसवावयास कोणी उठत नसे! पुणें जिल्ह्यांतच पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला, तो हातानें काम करीतच विद्या येते या विचारावर. तो विचार आपल्या घरांतून रुजावयास इतकी वर्षें लागलीं, याचें आम्हांस नवल वाटतें. असो.

‘करपत्र’ म्हणजे हातानें चालवावयाचें पातें. या अर्थाकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. कारण गोल करवतींत नेमका हाच संबंध उलटा होतो. हातकरवतींत लांकूड स्थिर असतें आणि पातें हाताबरोबर मागें-पुढें होतें. हात थांबला कीं पातें थांबलें. गोल करवतींत पातें मेजाच्या फटींतून वर डोकावत जागच्या जागीं फिरत राहतें, आणि हात लांकडाला घेऊन त्याच्याकडे जातो. हात थांबला तरी पातें थांबत नाहीं. साऊदम्पटन येथील सॅम्युएल मिलर यानें १७७७ सालीं इंग्लंडांत ज्या यंत्राचें पेटंट घेतलें त्यांत गोल पात्याचा उल्लेख आहे. तेव्हांपासून आजपर्यंत मोटर बदलली, पोलाद बदललें, हा उलटा संबंध मात्र तसाच राहिला आहे.

यंत्र घ्यावें कीं न घ्यावें, याचा निर्णय आधीं करावा. सुतारकामांत चिरणें आणि तोडणें हीं दोन निराळीं कामें आहेत. फळी रेषांच्या दिशेनें उभी कापणें म्हणजे चिरणें. आडवी कापणें म्हणजे तोडणें. तोडण्याचें काम चांगल्या हातकरवतीनें दोन मिनिटांत होतें, त्यासाठीं यंत्राचा खटाटोप करण्याचें कारण नाहीं. सहा फूट लांबीची सागाची इंचभर जाड फळी उभी चिरणें हें मात्र घाम काढणारें काम आहे, आणि एवढें करून दोन पट्ट्या सारख्या रुंदीच्या निघतील याचा भरंवसा नसतो. गोल करवतीचा खरा लाभ वेगांत नाहीं, सारखेपणांत आहे. पुस्तकांच्या मांडणीला सोळा पट्ट्या लागत असतील, तर सोळाही एका मापाच्या निघाल्या पाहिजेत; मग गुण्या लावला कीं कोपरे आपोआप जुळतात. ज्यास वर्षाकांठीं दोन पाट आणि एक चौरंग करावयाचा आहे त्यानें हें यंत्र घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. प्लायवुडचे आठ बाय चार फुटांचे तावच कापावयाचे असतील त्यानेंही घेऊं नये. लहान मेजावर एवढा ताव एकट्यानें पेलत नाहीं. प्लायवुडच्या मोठ्या दुकानांतून थोडी मजुरी घेऊन ताव मापानें कापून देतात, तेथूनच तुकडे करून आणावेत.

आतां ज्यांस खरोखरच यंत्र हवें आहे त्यांच्यासमोर येथील बाजारांत काय असतें तें पाहूं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दिसणारा प्रकार म्हणजे उलटा टांगलेला कटर. फरशी कापण्याचें चार इंची हातयंत्र घ्यावयाचें, त्याला दगडाच्या चकतीऐवजीं लांकडाचें दांतेरी पातें लावावयाचें, प्लायवुडच्या तुकड्याला खालून तें उलटें आवळावयाचें, आणि खटका दाबलेला राहावा म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावयाची! इमारतींच्या कामांवर हा देखावा वाचकांनीं पाहिला असेलच. हें यंत्र मिनिटास बारा-तेरा हजार फेरे घेतें. पात्याचा व्यास ११० मिलीमीटर धरला तर बारा हजार फेऱ्यांस दांत्याची गति ताशी सुमारें अडीचशें किलोमीटर होते. यंत्र मुळांत अशासाठीं बनविलेलें कीं, दोन्ही हात त्याच्या मुठींवर असावेत; उलटें टांगल्यावर तेच दोन्ही हात मोकळे होऊन पात्यासमोर येतात. त्यावर झांकण नाहीं, मागें जीभ नाहीं, आणि वेळेवर सांपडेल असा खटकाही नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी आज पुण्याच्या बाजूस नांवाजलेला सुतार आहे. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी एका पेरानें आंखूड झालेली आहे. चार इंच रुंदीची पट्टी अशाच उलट्या कटरवर चिरतांना तें पेर गेलें. ‘गुरुजी, दुखलं वगैरे काही नाही. आधी आवाज बदलला, मग पाहिलं,’ एवढेंच तो सांगतो. तो पोटासाठीं काम करीत होता, दिवस मावळावयाच्या आंत खोली पुरी करावयाची होती, आणि ठेकेदारानें दुसरें यंत्र दिलें नव्हतें. हौसेसाठीं काम करणाऱ्या पेन्शनरास यांतील एकही सबब नाहीं.

दुसरा प्रकार लोखंडी घडवंचीचा. अँगलच्या चौकटीवर पत्र्याचें किंवा बिडाचें मेज, खालीं निराळी मोटर, आणि पट्ट्यानें फिरणारा दांडा; पुष्कळदां त्याच दांड्यावर एका अंगास रंधाही असतो. हीं यंत्रें दणकट असतात, मोटर शांतपणें चालते, आणि बिघडल्यास कोणताही मोटर बांधणारा ती दुरुस्त करतो, हे गुण मोठेच आहेत. परंतु बहुतेकांवर पातें उघडें, पट्टा उघडा, आणि लांकडाला वाट दाखविणारी पट्टी म्हणजे दोन बोल्टांनीं आवळलेला अँगलचा तुकडा असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमानें यंत्राचे धोक्याचे भाग झांकण्याची सक्ती केली होती. पण तुमची ओसरी हा कारखाना नव्हे, आणि तेथें पाहणीला कोणी निरीक्षक येत नाहीं. घरांतील निरीक्षक आपणच.

तिसरा प्रकार उचलून नेतां येण्याजोग्या यंत्रांचा. बॉश, डिवॉल्ट वगैरे कंपन्यांचीं अडीचशें मिलीमीटर, म्हणजे दहा इंच पात्याचीं यंत्रें या वर्गांत येतात. मेज ॲल्युमिनियमचें, मोटर अठराशें ते दोन हजार वॅटची, आणि पातें सुमारें तीन इंच जाडीचें लांकूड कापूं शकतें. आवाज मात्र कर्कश असतो. देहूरोडसारख्या ठिकाणीं जेथें दहा बाय बाराची खोली किंवा मागील पडवी एवढीच जागा, तेथें हाच प्रकार सोयीचा, असें आमचें मत आहे. याहूनही वरच्या दर्जाचीं, भरीव बिडाच्या मेजाचीं मोठीं यंत्रें असतात. पण तीं एकदां ठेविलीं कीं हलत नाहींत, आणि घरांतील इतर मंडळींसही तीं हलत नाहींत हें रोज आठवत राहतें.

कोणताही प्रकार असो, दुकानांत पहावयाची पहिली गोष्ट म्हणजे मार्गदर्शक पट्टी. दुकानदार तिला फेन्स म्हणतो. फळीची एक कड या पट्टीला टेकवूनच चिरावयाचें असतें. तेव्हां ही पट्टी पात्याशीं समांतर नसेल तर लाख रुपयांचें यंत्रही फुकट. परीक्षा अगदीं सोपी आहे. प्लग काढून ठेवावा. पातें पूर्ण वर करावें. त्याच्या एका दांत्यास खडूची खूण करावी, आणि तो दांता पुढें आणून पट्टीपर्यंतचें अंतर पोलादी मोजपट्टीनें मोजावें. मग पातें हातानें फिरवून तोच दांता मागें न्यावा व पुन्हां मोजावें. तोच दांता दोन्हीकडे वापरावयाचा तो अशासाठीं कीं, पातें जरा वांकडें असलें तरी मोजणी फसूं नये. दोन्ही अंतरें सारखीं आलीं पाहिजेत. मागील अंतर केसभर अधिक आलें तर एक वेळ चालेल; कमी आलें तर कदापि चालणार नाहीं, कारण मग फळी पुढें जाईल तसतशी पातें आणि पट्टी यांच्यामध्यें दाबली जाईल. यानंतर पट्टी सरकवून दूर न्यावी, परत आणावी, आवळावी आणि पुन्हां मोजावें. असें पांच वेळां करावें. पांचही वेळां समांतर आली तरच पुढें बोलावें. दुकानदार वैतागेल, वैतागूं द्यावें.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्याच्या मागें उभी असलेली पोलादी जीभ. इंग्रजींत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, आणि यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत याच नांवानें ती सांपडेल. तिचें कार्य समजण्यासाठीं पात्याची फिरण्याची दिशा लक्षांत घ्यावी. पात्याची पुढील कड, म्हणजे आपल्याकडील, खालीं जात असते. ती लांकूड मेजावर दाबते. मागील कड मात्र वर येत असते. आतां लांकडाच्या पोटांत ताण असतो. आंब्याचें किंवा बाभळीचें पुरतें न वाळलेलें लांकूड चिरूं लागलें कीं, चिरलेले दोन भाग पात्यामागें पुन्हां एकमेकांकडे झुकतात आणि पात्याला चिमटा घेतात. त्याच क्षणीं वर येणारे मागील दांते ती फळी उचलतात आणि आपल्या अंगावर फेंकतात. यालाच किकबॅक म्हणतात. फळी पोटांत किंवा छातीवर बसते हें एक; आणि तिच्यासोबत पुढें झुकलेला हात पात्यावर ओढला जातो हें त्याहून भयंकर. पात्यामागें चिरेंत शिरणारी ही जीभ त्या दोन भागांना मिटूं देत नाहीं, एवढेंच तिचें काम. ती चिरेपेक्षां किंचित् पातळ आणि पात्याच्या पत्र्यापेक्षां किंचित् जाड हवी, दांत्यांपासून तीन ते आठ मिलीमीटरच्या आंत हवी, आणि पात्याबरोबर वर-खालीं होणारी हवी. इंग्लंडांत लांकूडकामाच्या यंत्रांविषयीं १९२२ सालीं जे नियम झाले त्यांतच कारखान्यांतील गोल करवतीस ही जीभ आवश्यक ठरविली होती. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे ती नसलेलीं यंत्रें विकलीं जातात, आणि ज्यांवर ती असते त्यांवरूनही पुष्कळ लोक ‘मध्यें येते’ म्हणून काढून कोनाड्यांत ठेवितात! ज्या यंत्रास ही जीभ नाहीं तें यंत्र निम्म्या किंमतीस मिळालें तरी घेऊं नये.

येथें थोडें गणित केल्यावांचून आमच्यातील शिक्षकाचें समाधान होणार नाहीं. दहा इंची पातें मिनिटास सुमारें ३६५० फेरे घेतें. म्हणजे सेकंदास एकसष्ट. डोळ्याची पापणी लवून पुन्हां उघडण्यास, म्हणजे ज्यास आपले पूर्वज निमेष म्हणत तेवढ्यास, सेकंदाचा तिसरा हिस्सा धरूं. तेवढ्यांत पातें वीस वेळां फिरतें. पात्यास चाळीस दांते असतील तर एका निमेषांत आठशें दांते एकाच जागेवरून जातात. ‘आम्ही सावध असतों, हात चटकन् मागें घेऊं,’ असें म्हणणाऱ्या मित्रांस आम्ही हा हिशेब कागदावर करून दाखवितों.

याच अडचणीवर स्टीफन गॅस नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें १९९९ सालीं उपाय काढला. त्याच्या सॉस्टॉप यंत्रांत पात्यांतून एक सूक्ष्म विद्युत्-संकेत खेळत असतो. बोट लागतांच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यांत घुसून सुमारें पांच सहस्रांश सेकंदांत तें थांबवितो. बोटास ओरखडा येतो, पातें आणि ठोकळा मात्र निकामी होतात. युक्ति अपूर्व आहे यांत शंका नाहीं, पण किंमत त्याच मानानें चढी. शिवाय फेंकल्या गेलेल्या फळीचा मार यानें टळत नाहीं. ती जीभ याही यंत्रास लागतेच.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. ‘मुलगा सुट्टींत येतांना तिकडून घेऊन येतो म्हणतो’ असें सांगणारे तीर्थरूप आजकाल घरोघरीं आहेत. त्यांनीं मुलास प्रेमानें नको म्हणावें. तिकडील घरगुती वीज १२० व्होल्टची आणि ६० आवर्तनांची, आपली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. दाब उतरविण्यासाठीं जड ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि मोटर इंडक्शन जातीची असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ती सहांतील पांच हिश्श्यांच्याच गतीनें फिरेल व तापेल. चिरंजीवांनीं त्याऐवजीं चांगलें पातें आणावें. मात्र त्याचें भोंक आपल्या यंत्राच्या दांड्याच्या मापाचें आहे ना, हें आधीं कळवावें.

अश्वशक्तीच्या मोहाविषयीं दोनच शब्द. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. अठराशें वॅटचें यंत्र घरच्या कामास पुरून उरतें. तें सुमारें आठ अँपिअर वीज ओढतें, म्हणून पंख्या-दिव्याच्या लहान सॉकेटवर चालवूं नये. सोळा अँपिअरचें सॉकेट, नीट अर्थिंग, आणि दोरी लांबवावयाचीच असेल तर अडीच चौरस मिलीमीटरची जाड तार हवी. यंत्र दमतें तें बहुधा मोटर लहान म्हणून नव्हे, पातें बोथट म्हणून. चिरण्यास चोवीस दांत्यांचें आणि प्लायवुड किंवा आडव्या कापास साठ दांत्यांचें, अशीं दोन पातीं ठेविलीं कीं मोटरबद्दलची तक्रार बहुतेक मिटते. दोनदां पातें बदलण्याचा कंटाळा ज्यास आहे त्यानें चाळीस दांत्यांचें एकच घ्यावें.

आपल्या मावळांतील पावसाचाही विचार हवा. लोणावळ्याएवढा नसला तरी देहूरोडलाही चार महिने ओल असते. बिडाचें मेज आठवड्याभरांत तांबूस होतें. ॲल्युमिनियमच्या मेजास तो त्रास नाहीं. बिडास महिन्यांतून एकदां मेण चोळावें, म्हणजे गंजही धरत नाहीं आणि लांकूडही सरसर सरकतें. पुण्याच्या टिंबर मार्केटांतून आणलेली फळी लगेच पात्याखालीं घालूं नये. घरांत कांहीं आठवडे पातळ पट्ट्यांवर रचून ठेवावी. ओल्या दिवसांत चिरलेली पट्टी दिवाळींत वांकडी झालेली दिसते, आणि दोष यंत्रावर जातो.

भुशाविषयीं लोक फार बेपर्वा आहेत. सागाचा वास मंगल वाटतो खरा. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाची धूळ निश्चित कर्ककारक पदार्थांच्या वर्गांत घातली आहे. तेव्हां भुसा ओढून घेणारी नळी जोडण्याची सोय यंत्रास आहे कीं नाहीं तें पहावें, नाकावर चांगली पट्टी बांधावी, आणि काम पडवींत करावें. जागा मोजतांना यंत्राची मापें धरून चालत नाहीं. सहा फुटी फळी चिरावयाची तर पात्याच्या पुढें सहा फूट आणि मागें सहा फूट मोकळें हवें. ज्यांच्या घरीं एवढी लांबी केवळ दार उघडें टाकल्यावर मिळते, त्यांनीं त्या दारांतून नातवंडें धांवत येतात कीं काय हेंही पहावें. दुपारीं दोन ते चार यंत्र बंद ठेवावें. शेजाऱ्यांची झोप हीही एक मालमत्ता आहे.

वेषाचा नियम थोडक्यांत: हातमोजे नकोत, उपरणें नको, आंगठी नको, लोंबत्या बाह्या नकोत, आणि उघड्या अंगानें काम करणाऱ्यांनीं जानवें गुंडाळून बंडीच्या आंत घ्यावें. पात्याच्या रेषेंत उभें न राहतां किंचित् डावीकडे सरून उभें रहावें.

यंत्र घरीं आलें, पट्टी पुन्हां एकदां मोजून पाहिली, जीभ जागेवर बसविली, कीं पहिला काप देव्हाऱ्याच्या सागावर घालूं नये. अर्धा इंच जाडीच्या प्लायवुडचा हातभर तुकडा घ्यावा आणि हातकरवतीनें त्याची ढकलकाठी करावी: मागें फळीची कड पकडणारी खांच, वर मूठ. पट्टी सहा इंचांहून अरुंद असेल तर शेवटची वीतभर फळी या काठीनेंच पुढें सारावी. अशा दोन कराव्यात, कारण एक ऐन वेळीं भुशांत सांपडत नाहीं. आणि यंत्राच्या उजव्या अंगास, बसल्या जागेवरून हात पोहोंचेल अशा खिळ्यावर त्या टांगून ठेवाव्यात.